रानबोरीचे कुंपण आणि मिठाचा कर



शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत मिळणारी चण्यामण्या बोरे तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ली असतील. वाटाण्यापेक्षा जरासे मोठे फळ, आत टणक बी आणि वर नावापुरता आंबटगोड गर. विकणारी बाई माप भरून पुडीत बोरे देते आणि वर चिमूटभर मीठ-तिखट टाकते. या टिपणात आपण या बोराच्या झुडपाचा आणि त्या चिमूटभर मिठाचा इतिहास एकत्र पाहणार आहोत. एकोणिसाव्या शतकात बोरी, करवंद आणि त्यांच्यासारख्या काटेरी झुडपांचे शेकडो मैल लांबीचे कुंपण ब्रिटिश सरकारने उत्तर आणि मध्य भारतात उभे केले होते. स्वस्त मीठ पलीकडच्या माणसाच्या हाती लागू नये, हा त्याचा मुख्य उद्देश होता.

आपल्या अभ्यासक्रमात रेल्वे, तारायंत्र आणि गंगेचा कालवा येतो. हे कुंपण सहसा येत नाही. पण आखणी, मातीकाम, पाणीपुरवठा, देखभाल आणि खर्चाचा हिशेब या सगळ्या अंगांनी पाहिले तर तेही त्या काळातले एक मोठे सरकारी बांधकाम होते. फरक एवढाच की त्याचे मुख्य बांधकाम साहित्य जिवंत होते.

१. झुडूप आणि त्याचे लोक

बोरीच्या अनेक जाती आहेत. बागेत लावली जाते ती मोठ्या फळांची बोर, शास्त्रीय नाव झिझिफस मॉरिशियाना. माळावर, बांधावर आणि वाळूत आपोआप उगवते ती ठेंगणी रानबोर, झिझिफस न्युम्युलॅरिया. तुम्ही देशाच्या ज्या भागात शिकत असाल तिथले तिचे नाव वेगळे असेल. हिंदीत झरबेरी, गुजरातीत चणीबोर, राजस्थानात बोरडी, पंजाबात मल्ला. थरचे वाळवंट, हरियाणा, पंजाब, गुजरात आणि दख्खनचे कोरडे माळ हे तिचे घर.

पाऊस कमी पडला तरी ही झुडुपे तगतात, कारण त्यांची मुळे खोल जातात. पानाची खालची बाजू पांढरट लवीची असते, त्यामुळे पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. प्रत्येक पेराशी काट्यांची जोडी असते. त्यातला एक काटा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो आणि वाकडा काटा अडकवून ठेवतो. जमिनीलगत तोडले तरी झुडूप पुन्हा फुटते. हे गुण लक्षात ठेवा, पुढे त्यांचाच संबंध येणार आहे.

माणसाची आणि बोराची ओळख फार जुनी आहे. बलुचिस्तानातील मेहेरगढ येथे नवाश्मयुगीन थरांत बोराच्या बिया सापडल्या आहेत. वैदिक वाङ्मयात कुवल, कर्कंधू आणि बदर अशी बोराच्या प्रकारांची तीन वेगळी नावे येतात. म्हणजे त्या काळच्या लोकांना बोरांतला फरक नेमका माहीत होता. शबरीची बोरे लोकपरंपरेने देशभर पोहोचवली. महाराष्ट्रात संक्रांतीच्या सुगडात बोरे असतात आणि लहान मुलांचे बोरन्हाण होते.

कोरड्या प्रदेशातल्या शेतकऱ्याला रानबोर फळापेक्षाही दुसऱ्या दोन कारणांनी हवी असते. राजस्थान-हरियाणात झुडपे कापून वाळवतात आणि झोडपून पाने वेगळी करतात. या पानांना ‘पाला’च म्हणतात आणि शेळ्या-मेंढ्यांना व गुरांना तो उन्हाळ्यात पुरतो. उरलेल्या काटेरी फांद्या शेताभोवती रचून कुंपण करतात. पुढच्या पावसात तोडलेली झुडपे पुन्हा फुटतात. फळ माणसाला, पाला जनावराला आणि काटा शेताला, अशी ही वाटणी होती. सरकारने यातला फक्त काटा उचलला.

२. मिठावरचा कर

मिठाशिवाय माणूस राहू शकत नाही. उन्हात राबणाऱ्याचे मीठ घामावाटे जाते, म्हणून त्याला ते अधिक लागते. श्रीमंत आणि गरीब यांच्या मिठाच्या गरजेत फारसा फरक नसतो, उलट मजुराची गरज जास्तच असते. म्हणून मिठावरचा कर गरिबावर सर्वांत जड पडतो आणि सरकारला मात्र हमखास मिळतो.

बंगाल ताब्यात आल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने मिठाचे उत्पादन आणि विक्री आपल्या मुठीत आणली. पुढे बंगालमध्ये मणामागे सव्वातीन रुपयांपर्यंत कर गेला. मिठाच्या मूळ किमतीच्या तो कित्येक पट होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. पश्चिमेकडे परिस्थिती वेगळी होती. राजपुतान्यातील सांभर सरोवर संस्थानिकांकडे होते. कच्छच्या रणात आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावर मिठागरे होती. मुंबई इलाख्यातला करही उत्तरेपेक्षा बराच कमी होता. १८६९ मध्ये तो वाढवल्यावरही मणाला १ रुपया १३ आणे होता, तर उत्तरेत तो ३ रुपये होता.

एकाच वस्तूचे भाव शेजारच्या दोन प्रदेशांत एवढे वेगळे असले की ती वस्तू स्वस्ताकडून महागाकडे वाहू लागते. उंटांवरून, बैलांवरून आणि डोक्यावरच्या गाठोड्यांतून मीठ पूर्वेकडे जाऊ लागले. सरकारच्या भाषेत ती तस्करी होती. गावकऱ्याच्या दृष्टीने तो पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार होता.

आता एक हिशेब करून पाहा. मजुराला दिवसाला दोन आणे मिळतात आणि त्याच्या कुटुंबाला वर्षाला अर्धा मण मीठ लागते, असे धरा. मणाला ३ रुपये दराने अर्ध्या मणावरचा कर दीड रुपया, म्हणजे २४ आणे होतो. केवळ कर भरण्यासाठी बारा दिवसांची मजुरी गेली. मिठाची किंमत, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा अजून यात धरलेलाच नाही. दुष्काळी वर्षात, जेव्हा मजुरीच मिळत नाही, तेव्हा हा हिशेब कुठे जातो ते तुम्हीच ठरवा.

३. नाक्यांची रेषा

सुरुवातीला सरकारने वाटांवर जकात नाके बसवले. पण नाके वाटेवर असतात आणि चुकवणारा आडवाटेने जातो. म्हणून नाके वाढत गेले आणि त्यांची रांग झाली. १८४० च्या दशकात ती अधिक पद्धतशीर झाली. १८६९ मध्ये सरकारने निरनिराळे तुकडे जोडून एक अखंड रेषा करण्याचा आदेश दिला. पंजाबातील सिंधूकाठापासून मुलतान, फाजिल्का, हिसार, दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद, खांडवा आणि बुऱ्हाणपूर असे वळण घेत ती पुढे पूर्वेला ओडिशाच्या दिशेने जात असे. एकूण लांबी सुमारे अडीच हजार मैल, म्हणजे चार हजार किलोमीटर. तापीकाठचे बुऱ्हाणपूर खानदेशाच्या उंबऱ्यावरच आहे. कोकण किनाऱ्याचे मीठ ज्या वाटांनी मध्य प्रांताकडे जाई, त्या वाटांवरही या रेषेचा पहारा होता.

१८६९-७० मध्ये या रेषेवर १,७२७ चौक्या आणि सुमारे १२,००० माणसे होती. चौक्यांमधले अंतर साधारण मैलभर असे. एका चौकीवर एक जमादार आणि त्याच्या हाताखाली शिपाई, रात्रंदिवस गस्त. तरीही मैलभराच्या मोकळ्या रानातून अंधारात माणूस निघून जाऊ शकत होता. त्याला अडवायला काहीतरी उभे अडथळ्यासारखे हवे होते. दगडी भिंत एवढ्या लांबीवर परवडणारी नव्हती. तेव्हा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जे करत आला होता, तेच सरकारने मोठ्या प्रमाणावर केले.

४. कुंपणाची बांधणी

आधी आले सुके कुंपण. ठेंगण्या रानबोरीच्या फांद्या तोडून, रचून, खुंट्यांनी जमिनीत पक्क्या केल्या जात. १८६७ ते १८७० या काळात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे अंतर्गत जकात खात्याचे आयुक्त होते. सुक्या कुंपणाला मैलामागे २५० टन काटेरी साहित्य लागते, असा हिशेब त्यांनी मांडला. हे साहित्य दूरवरून वाहून आणावे लागे. त्यात वाळवी लागे, वणवा पेटे, वादळाने फांद्या उडून जात. दरवर्षी निम्म्याच्या आसपास कुंपण नव्याने रचावे लागे.

हा आकडा डोळ्यांपुढे आणा. एका बैलगाडीत अर्धा टन माल धरला तर मैलभर कुंपणाला ५०० गाड्या होतात. एवढे काटे कुठल्यातरी माळावरून, गायरानातून आणि बांधांवरून तोडले गेले. त्या झुडपांवर कुणाची तरी शेळी पोसली जात होती आणि त्याच काट्यांनी कुणाचे तरी शेत राखले जायचे होते.

सुक्या कुंपणाचा देखभाल खर्च पाहून ह्यूम यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. कोणत्या मातीत आणि किती पावसात कोणते झुडूप तगेल याचे प्रयोग झाले. शेवटी जी यादी ठरली ती अशी: बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग आणि शेराच्या जातीची झुडपे. या सगळ्यांत सागरगोट्याची काटेरी वेल गुंतवली जाई. हिसारसारख्या भागात, जिथे दुसरे काही जगत नसे, तिथे निवडुंग लावला गेला. काही ठिकाणी बांबू लावला.

माती नापीक असेल तिथे चर खणून ती काढून टाकली आणि चांगली माती भरली. पुराच्या पट्ट्यात आधी बांध घातला आणि त्यावर झुडपे लावली. पाण्यासाठी विहिरी होत्या, पावसाचे पाणी धरायला चर होते. कुंपणालगत गस्तीसाठी रस्ता केला. चांगले वाढलेले कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट जाड असे. त्यातून माणूसच काय, जनावरही पार होत नसे.

१८७८ मध्ये सुमारे ४११ मैल उत्तम जिवंत कुंपण होते, सुमारे २९८ मैल जिवंत आणि सुके मिश्र होते आणि सुमारे ४७२ मैल निव्वळ सुके होते. दगडी भिंत जेमतेम सहा-साडेसहा मैलांची. उरलेला काही भाग अपुरा होता. मघाचा हिशेब इथे लावून पाहा. ४७२ मैल गुणिले २५० टन, म्हणजे १ लाख १८ हजार टन काटे. त्यातले निम्मे दरवर्षी बदलायचे.

५. दोन हिशेब

सरकारी हिशेब सोपा होता. १८६९-७० मध्ये या रेषेवर मिठाचा कर सुमारे १ कोटी २५ लाख रुपये जमला आणि बाहेर जाणाऱ्या साखरेवरच्या जकातीचे सुमारे १० लाख मिळाले. रेषेचा खर्च सुमारे १६ लाख २० हजार रुपये होता. म्हणजे खर्चलेल्या एका रुपयामागे आठ रुपयांहून अधिक वसुली. अभियांत्रिकीच्या वर्गात असा प्रकल्प मांडला तर तो यशस्वी ठरेल.

दुसरा हिशेब दंड आणि तुरुंगाचा आहे. १८७३-७४ मध्ये तस्करीसाठी ३,२७१ जणांना शिक्षा झाल्या. १८७७-७८ मध्ये हा आकडा ६,०७७ वर गेला. कुंपण जसजसे पक्के होत गेले तसतशा शिक्षा वाढत गेल्या. ती वर्षे मोठ्या दुष्काळाची होती, हेही विसरू नका.

तिसरा हिशेब कोणत्याच अहवालात नीट सापडत नाही. ज्यांनी तस्करी केली नाही, कर भरून मीठही घेतले नाही, ते कमी मिठावर जगले. जास्त घाम गाळणाऱ्या माणसाच्या शरीरात मीठ कमी पडले की अशक्तपणा येतो. जुलाब आणि ताप यांत तर मिठाची कमतरता जीवघेणी ठरते. अशा माणसाचा मृत्यू नोंदवहीत तापाच्या नावावर लागतो. मिठाचा रकाना तिथे नसतो. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून तुम्ही ही गोष्ट शिकून घ्या. जे खाते कुंपणाची लांबी पाव मैलापर्यंत मोजते, ते कुंपणापलीकडची भूक मोजत नाही. आकडा नाही म्हणून घटना घडली नाही असे म्हणता येत नाही.

मराठीत आपण म्हणतो, कुंपणच शेत खाते. शेत राखायला लावलेल्या कुंपणानेच शेत गिळावे, तसे राखणदारानेच लुटावे असा त्याचा अर्थ. या रेषेच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः लागू पडते.

६. कुंपण का गेले

कुंपण पाडले गेले ते दयेपोटी असे समजू नका. ते गेले, कारण त्याहून सोयीची पद्धत सापडली. १८७० मध्ये सरकारने जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून सांभर सरोवर भाडेकराराने घेतले. पुढे इतर संस्थानांशीही करार झाले. मीठ जिथे तयार होते तिथेच कर वसूल केला, तर ते देशात कुठेही जावो, पहाऱ्याची गरज उरत नाही. मात्र त्यासाठी सगळीकडचा दर जवळपास सारखा हवा. व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात अर्थसदस्य जॉन स्ट्रेची यांनी ते काम पूर्णत्वाला नेले. १ एप्रिल १८७९ रोजी बहुतेक सगळी रेषा मोडीत निघाली.

दर सारखा केला म्हणजे काय केले? उत्तरेत कर ३ रुपयांवरून अडीच रुपयांवर आला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तो १ रुपया १३ आण्यांवरून अडीच रुपयांवर गेला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. त्यातून लोक पुरते उभेही राहिले नव्हते, तेव्हा सोलापूर, पुणे, धारवाड आणि बेल्लारीकडच्या माणसाचे मीठ महाग झाले. कुंपण उत्तरेतले हटले आणि त्याचा काही भार दक्षिणेने उचलला. आज करप्रणालीचा अभ्यास करताना ‘संपूर्ण देशासाठी एकच दर’ असे शब्द तुम्हाला भेटतील. तो दर कोणाचा कमी झाला आणि कोणाचा वाढला, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारा.

१८८२ मध्ये कर दोन रुपयांवर आणला गेला, पण तो संपला नाही. त्याविरुद्धच गांधीजी मार्च १९३० मध्ये साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडी येथे मीठ उचलले. कर रद्द झाला तो १९४७ मध्ये. आणखी एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. कुंपण वाढवणारे ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे म्हणून प्रसिद्ध झाले. एकाच माणसाच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी घडल्या. त्यातली एक वगळून त्याचे चरित्र लिहिता येत नाही.

७. पुसलेल्या खुणा

चीनची भिंत दगडाविटांची होती, ती उरली. हे कुंपण झाडांचे होते. राखण थांबताच सुके काटे सरपणात गेले, जिवंत झुडपे तोडली गेली किंवा वाळली. बांधांवर नांगर फिरला, काही ठिकाणी रस्ते झाले. शंभर वर्षांत लोकांच्या आठवणीतूनही ते जवळजवळ नाहीसे झाले. रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला जुन्या पुस्तकात त्याचा उल्लेख सापडला. जुने नकाशे आणि अहवाल चाळून तो भारतात हिंडला आणि १९९८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात त्याला बांधाचा एक अवशेष सापडला. त्यावर काही काटेरी झाडे अजून उभी होती. १८५७ च्या उठावाच्या वेळी ह्यूम याच इटावा जिल्ह्याचे अधिकारी होते. मॉक्सहॅमचे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा मराठी अनुवादही ‘शोध महाकुंपणाचा’ या नावाने उपलब्ध आहे.

रानबोर मात्र कुठेही गेलेली नाही. तोडली तरी फुटायची तिची सवय कायम आहे. आज कोरडवाहू भागात तिच्याच जातीच्या रानटी रोपांवर चांगल्या बोराचा डोळा भरतात. मूळ रानटी असल्याने कलम दुष्काळात तगते आणि वरची फांदी मोठी फळे देते. तिच्या पाल्यावर अजूनही शेळ्या-मेंढ्या जगतात आणि शेतावर तिच्या फांद्यांची कुंपणे अजूनही होतात.

सारांश

झुडपाला हेतू नसतो. काटा शेत राखतो तसा वाटही अडवतो. तो कोणाच्या हातात आहे आणि कुंपणाच्या कोणत्या बाजूला कोण उभे आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. ज्या चिवटपणामुळे रानबोर गरिबाच्या उपयोगी पडली, त्याच चिवटपणामुळे ती गरिबाला अडवायला वापरली गेली. स्थानिक ज्ञान, स्थानिक वनस्पती आणि स्थानिक मजूर वापरून उभारलेले काम आपोआप स्थानिकांच्या हिताचे ठरत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात ठेवा. उद्या तुमच्यापैकी कोणी धरण, महामार्ग किंवा एखादी संगणकीय ओळखप्रणाली उभारेल. तेव्हा काम पक्के झाले का, एवढेच न विचारता ते कोणाला अडवते, हेही विचारा.

विचारासाठी प्रश्न

१. जीवनावश्यक वस्तूवरचा कर सरकारला आकर्षक का वाटतो? तो गरिबावर जास्त का पडतो? मिठाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. सुके कुंपण आणि जिवंत कुंपण यांची साहित्य, श्रम आणि देखभाल या तीन मुद्द्यांवर तुलना करा.

३. १८७९ मध्ये रेषा मोडली, त्याचा फायदा आणि तोटा कोणत्या प्रदेशांना झाला?

४. तुमच्या गावाजवळच्या माळावर कोणती काटेरी झुडपे आहेत? त्यांची स्थानिक नावे, फळे आणि उपयोग घरातील किंवा गावातील ज्येष्ठांना विचारून नोंदवा. त्यातली कोणती कुंपणाला वापरतात, आणि त्या कुंपणाच्या आत काय राखले जाते, तेही लिहा.